कार्बनचा कोन आणि दोन अटी

डिसेंबर १९३०मधली एक रात्र. कॅलिफोर्नियात पासाडेना इथल्या कॅलटेक संस्थेतले एकोणतीस वर्षांचे प्राध्यापक लायनस पॉलिंग टेबलाशी बसून आकडेमोड करत होते. प्रश्न जुना होता. कार्बनचा अणू चार शेजारी धरतो, ते चारही बंध एकसारखे असतात आणि कुठल्याही दोन बंधांमध्ये १०९ अंश २८ मिनिटांचा कोन असतो, हे रसायनशास्त्राने केव्हाच गृहीत धरले होते. १८७४ साली हॉलंडचे व्हान्ट हॉफ आणि फ्रान्सचे ल बेल यांनी, एकमेकांना न विचारता, कार्बनला चतुष्फलकाच्या मध्यभागी बसवले आणि चार बंध त्याच्या चार टोकांकडे वळवले. तेव्हापासून सगळे सेंद्रिय रसायनशास्त्र त्या आकृतीवर उभे होते.

नव्या क्वांटम सिद्धांताचे चित्र मात्र या आकृतीशी जुळेना. त्याच्या हिशोबाने कार्बनच्या बाहेरच्या कवचात चार ऑर्बिटल्स, म्हणजे इलेक्ट्रॉन कुठे असू शकतो ते सांगणारी चार फलने, असतात. त्यांतले एक, २एस, चेंडूसारखे गोल. उरलेली तीन, २पी, क्ष, य आणि झ अशा तीन अक्षांवर पसरलेली, म्हणजे एकमेकांशी काटकोनात. यातून तीन बंध ९० अंशांनी निघायला हवेत आणि चौथा, दिशाच नसलेला, कुठेतरी लोंबकळायला हवा. मिथेनच्या रेणूत असे काही दिसत नव्हते. तिथे चार हायड्रोजन होते आणि चौघांची वागणूक तंतोतंत सारखी होती.

क्वांटम सिद्धांतातून चतुष्फलक निघू शकतो, असे पॉलिंग यांनी १९२८ साली एका छोट्या टिपणात लिहून टाकले होते. सिद्ध करायला मात्र जमत नव्हते, कारण समीकरणे फार गुंतागुंतीची होती. त्या रात्री त्यांनी एक सवलत घेतली. एस आणि पी ऑर्बिटल्स केंद्रापासून दूर जाताना कशी विरळ होत जातात यातला फरक त्यांनी दुर्लक्षित केला आणि फक्त दिशांचा विचार केला. मग कागदावर उरले ते एवढेच: चार फलने घ्यायची, त्यांच्या मिश्रणातून चार नवी फलने बांधायची आणि ती बांधताना दोन अटी पाळायच्या. या दोन अटी आज बी.एस्सी.चा विद्यार्थी क्वांटम मेकॅनिक्सच्या पहिल्याच सत्रात शिकतो आणि बहुतेक वेळा कंटाळून शिकतो. कार्बनचा कोन त्याच दोन अटींतून निघाला.

पहिली अट : बेरीज एक

१९२६ साली श्रोडिंजर यांचे समीकरण हाती आले, पण त्यातून मिळणाऱ्या तरंगफलनाचा अर्थ काय, यावर एकमत नव्हते. जर्मनीतल्या गॉटिंगेनचे मॅक्स बॉर्न यांनी त्याच वर्षी उत्तर दिले. आदल्याच हिवाळ्यात ते अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, म्हणजे एमआयटीत, अणूच्या नव्या सिद्धांतावर व्याख्याने देऊन परतले होते. तरंगफलन हे कण सापडण्याच्या शक्यतेशी जोडलेले असते, असे त्यांनी म्हटले. गंमत अशी, की निबंधाच्या मजकुरात त्यांनी शक्यता थेट फलनाशी जोडली होती. मुद्रिते तपासताना एक तळटीप घालून त्यांनी सुधारणा केली, की शक्यता फलनाच्या वर्गाशी जोडायला हवी. या कामासाठी बॉर्न यांना १९५४ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल मिळाले. रसायनशास्त्राचे त्याच वर्षीचे नोबेल पॉलिंग यांना मिळाले.

शक्यता म्हटली की सगळ्या शक्यतांची बेरीज एक व्हायलाच हवी. इलेक्ट्रॉन कुठे ना कुठे असणारच. म्हणून तरंगफलनाचा वर्ग करून तो सगळ्या जागेत मिळवला की उत्तर एक आले पाहिजे. येत नसेल तर फलनाला योग्य त्या संख्येने गुणून ते आणायचे. याला नॉर्मलाइज करणे म्हणतात.

सर्वांत सोपे उदाहरण पाठ्यपुस्तकातल्या डब्याचे. एक नॅनोमीटर लांबीचा डबा, दोन्ही टोकांना अभेद्य भिंती आणि आत एक इलेक्ट्रॉन. सर्वांत कमी ऊर्जेच्या अवस्थेत त्याचे फलन म्हणजे साइनची एक कमान असते. ती भिंतींपाशी शून्य आणि मध्यावर सर्वांत उंच असते. ही उंची किती ठेवायची? कमानीभर साइनच्या वर्गाची सरासरी नेमकी निम्मी येते. म्हणून उंचीचा वर्ग, गुणिले निम्मे, गुणिले डब्याची लांबी, हे सगळे मिळून एक व्हायला हवे. एक नॅनोमीटरच्या डब्यात उंचीचा वर्ग दोन येतो, म्हणजे उंची १.४१४. डबा दोन नॅनोमीटरचा केला तर उंची बरोबर एक. जागा वाढली की कमान बुटकी होते, कारण वाटायची शक्यता तेवढीच आहे. हा गुणक विसरला तर ऊर्जेची पातळी बदलत नाही, पण कण डब्याच्या अमुक भागात सापडण्याची शक्यता, त्याचे सरासरी स्थान, असे प्रत्येक उत्तर चुकते. परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथेच.

दुसरी अट : परस्परलंब

आता त्याच डब्यातली दुसरी अवस्था घेऊ. तिचे फलन डाव्या अर्ध्यात वर उचललेले असते आणि उजव्या अर्ध्यात तेवढेच खाली गेलेले. पहिल्या आणि दुसऱ्या फलनांचा ठिकठिकाणी गुणाकार करून बेरीज घेतली तर डावीकडून जेवढे धन येते तेवढेच उजवीकडून ऋण येते. बेरीज शून्य. अशा दोन फलनांना परस्परलंब किंवा ऑर्थोगोनल म्हणतात. यातला भौतिक अर्थ असा: इलेक्ट्रॉन नक्की पहिल्या अवस्थेत असेल, तर तपासणीत तो दुसऱ्या अवस्थेत आढळण्याची शक्यता शून्य असते. बेरीज शून्य नसेल तर तिचा वर्ग तेवढी शक्यता सांगतो.

फलनांना लंब म्हणणे सुरुवातीला विचित्र वाटते. न्यूयॉर्कमधले मॅनहॅटन डोळ्यांपुढे आणले तर ते सोपे होते. १८११च्या आराखड्याने तिथे ॲव्हेन्यू आणि स्ट्रीट एकमेकांना काटकोनात आखले गेले. ॲव्हेन्यूवरून सरळ चालत गेले की स्ट्रीटचा क्रमांक बदलतो, ॲव्हेन्यूचा बदलत नाही. ब्रॉडवे मात्र तिरका धावतो आणि त्याच्यावरून चालताना दोन्ही बदलतात. पत्ता सांगायला एक ॲव्हेन्यू आणि ब्रॉडवे घेतले तरी माणूस पोहोचेल, पण हिशोबात एकाच चालीची दोनदा नोंद होत राहील. ब्रॉडवेच्या चालीतून ॲव्हेन्यूच्या दिशेचा भाग वजा केला, तर जे उरते ते शुद्ध स्ट्रीटच्या दिशेचे असते.

वेगवेगळ्या ऊर्जेच्या अवस्था आपोआप परस्परलंब असतात. श्रोडिंजर समीकरणाची रचनाच तशी आहे, त्यासाठी कुणाला कष्ट घ्यावे लागत नाहीत. कष्ट येतात ते दोन ठिकाणी. अनेक अवस्थांची ऊर्जा एकच असेल तर त्यांच्यातली कोणती निवडायची हे समीकरण सांगत नाही. आणि खरे समीकरण सोडवता न आल्यामुळे फलने अंदाजाने बनवली असतील, तर ती लंब असतील याची काहीच हमी नसते. हायड्रोजनपलीकडच्या जवळपास सगळ्या अणुरेणूंची गत ही दुसरी आहे.

अशा वेळी वापरायची रीत ग्राम आणि श्मिट यांच्या नावाने ओळखली जाते. योर्गेन ग्राम हे डेन्मार्कचे. विमा कंपनीत नोकरी करत त्यांनी गणित केले आणि १८८३ साली ही कल्पना मांडली. जर्मनीच्या एर्हार्ड श्मिट यांनी १९०७ साली तिला आजचे रूप दिले. रीत अशी: पहिले फलन आहे तसे घ्या आणि नॉर्मलाइज करा. दुसऱ्यातून पहिल्याच्या दिशेचा भाग वजा करा आणि उरलेले नॉर्मलाइज करा. तिसऱ्यातून पहिल्या दोघांच्या दिशेचे भाग वजा करा. असेच पुढे जा.

हे हाताने करून पाहण्यासारखे आहे. उणे एक ते अधिक एक या टापूत तीन साधी फलने घ्या: एक, क्ष आणि क्षचा वर्ग. पहिल्याच्या वर्गाची बेरीज दोन येते, म्हणून त्याला दोनच्या वर्गमुळाने भागायचे. क्ष हे डावीकडे ऋण आणि उजवीकडे धन असल्यामुळे ते पहिल्याशी आधीच लंब आहे. क्षचा वर्ग मात्र सगळीकडे धन, म्हणजे पहिल्याशी लंब नाही. त्याची सरासरी एक तृतीयांश येते. ती वजा केली की उरते क्षचा वर्ग उणे एक तृतीयांश, आणि हे फलन पहिल्या दोघांशीही लंब आहे. त्याच्या वर्गाची बेरीज ८/४५ येते, तिच्या वर्गमुळाने भागले की काम संपले. फ्रान्सच्या लजांद्र यांना हीच बहुपदी अठराव्या शतकात गुरुत्वाकर्षणाचा अभ्यास करताना सापडली होती. हायड्रोजन अणूतल्या ऑर्बिटल्सचे आकार ठरवायलाही हीच लागतात.

कोन कुठून येतो

आता पासाडेनाच्या त्या कागदाकडे. पॉलिंग यांच्या हिशोबात एस ऑर्बिटलची कुठल्याही एका दिशेतली पोच एक धरली, तर पी ऑर्बिटलची त्याच्या अक्षावरची पोच तीनचे वर्गमूळ, म्हणजे १.७३२ येते. बंध बळकट हवा असेल तर ऑर्बिटल शेजाऱ्याच्या दिशेने जास्तीत जास्त पुढे सरकलेले हवे. मग एस आणि पी यांचे मिश्रण करायचे, पण पहिली अट सांगते, की दोन्ही वाट्यांच्या वर्गांची बेरीज एकच राहिली पाहिजे. या मर्यादेत सर्वांत लांब पोचणारे मिश्रण कोणते? उत्तर निघते: एसचा वाटा अर्धा आणि पीचा वाटा तीनच्या वर्गमुळाचा अर्धा. वर्ग केले तर पाव आणि पाऊण. या मिश्रणाची पोच बरोबर दोन येते, एकट्या एसच्या दुप्पट.

पहिला बंध असा ठरला. त्याची दिशा कोणतीही घ्या, समजा क्ष अक्ष. आता दुसरा बंध तेवढाच बळकट हवा, म्हणजे त्यातही एसचा वाटा अर्धाच हवा. त्याची दिशा कोणती? इथे दुसरी अट बोलते. दोन्ही मिश्रणे परस्परलंब हवीत. त्यांच्यातल्या एस भागांचा परस्पर गुणाकार पाव येतो. पी भागांचा गुणाकार पाऊण गुणिले दोन दिशांमधल्या कोनाचा कोसाइन. दोन्ही मिळून शून्य व्हायला हवेत. म्हणजे कोसाइन उणे एक तृतीयांश. कॅल्क्युलेटर सांगतो, कोन १०९.४७ अंश, म्हणजेच १०९ अंश २८ मिनिटे.

कुठेही हायड्रोजनचे एकमेकांना ढकलणे मोजले नाही, कुठलाही प्रयोगातला आकडा वापरला नाही. तिसरा बंध पहिल्या दोघांशी लंब असला पाहिजे, चौथा तिघांशी, आणि चौघांच्या दिशा मिळून व्हान्ट हॉफ यांचा चतुष्फलक उभा राहतो. पाचव्याला जागा नाही. सुरुवात चार फलनांनी केली, तर त्यांतून परस्परलंब अशी चारच फलने बनू शकतात.

तीच युक्ती इतरत्रही चालते. एसला तीनांत वाटले तर एसच्या वाट्याचा वर्ग एक तृतीयांश, पीचा दोन तृतीयांश, आणि कोसाइन उणे अर्धा, म्हणजे कोन १२० अंश. ग्राफाइटचा कोन हाच आणि एथिलीनचाही जवळपास हाच. एसला दोघांत वाटले तर कोसाइन उणे एक, कोन १८० अंश, म्हणजे ॲसिटिलीनचा सरळ रेणू. शाळेच्या पुस्तकात एसपी३, एसपी२ आणि एसपी म्हणून पाठ केले जाते ते हेच.

हा निबंध फेब्रुवारी १९३१मध्ये अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाकडे गेला आणि एप्रिलमध्ये छापून आला. पॉलिंग मात्र एकटे नव्हते. एमआयटीत नुकतेच पदार्थविज्ञान विभागाचे प्रमुख झालेले जॉन स्लेटर यांनी जवळपास हीच कल्पना स्वतंत्रपणे मांडली होती आणि त्यांचा निबंध फिजिकल रिव्ह्यूमध्ये मार्च १९३१मध्येच आला होता. श्रेय दोघांचे आहे. पॉलिंग यांचे नाव जास्त झाले, कारण ते रसायनशास्त्रज्ञांच्या भाषेत लिहीत. १९३५ साली आपले विद्यार्थी ब्राइट विल्सन यांच्यासह त्यांनी क्वांटम मेकॅनिक्सचे पाठ्यपुस्तक काढले आणि रसायनशास्त्राच्या अमेरिकी विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या हा विषय त्यातून शिकल्या.

वजाबाकीतून उगवलेला नोड

पॉलिंग यांनी घेतलेली सवलत, म्हणजे केंद्रापासूनच्या अंतराकडे केलेले दुर्लक्ष, सगळीकडे चालत नाही. ती का चालत नाही, हे स्लेटर यांच्याच एका कामातून दिसते. १९३० साली त्यांनी अणूंसाठी अतिशय सुटसुटीत ऑर्बिटल्स सुचवली. खरे २एस ऑर्बिटल केंद्राजवळ एकदा चिन्ह बदलते. जिथे ते शून्य होते त्या जागेला नोड म्हणतात. स्लेटर यांनी सोपेपणासाठी हा नोड काढून टाकला. परिणाम असा झाला, की त्यांचे २एस हे आतल्या १एसशी लंब राहिले नाही.

किती लंब नाही, हे कार्बनसाठी मोजता येते. स्लेटर यांच्या नियमांनी १एसचा घातांक, म्हणजे फलन किती झपाट्याने विरळ होते ते सांगणारा आकडा, ५.७ येतो आणि २एसचा १.६२५. दोन्ही नॉर्मलाइज केलेल्या फलनांचा गुणाकार सगळ्या जागेत मिळवला तर उत्तर ०.२२ येते. वर्ग केला तर सुमारे ५ टक्के. म्हणजे जो इलेक्ट्रॉन आपण बाहेरच्या कवचात ठेवला असे समजतो, तो ५ टक्के शक्यतेने आतल्या कवचात निघतो, आणि तिथल्या दोन्ही जागा तर आधीच भरलेल्या आहेत. एका ऑर्बिटलमध्ये दोनच इलेक्ट्रॉन मावतात, हा पाउली यांचा नियम तिथे तिसऱ्याला येऊ देत नाही.

आता ग्राम-श्मिट. २एसमधून १एसचा ०.२२ पट भाग वजा करायचा. उरलेल्याची लांबी एकपेक्षा किंचित कमी भरते, म्हणून त्याला १.०२५ने गुणायचे. या साध्या वजाबाकीनंतर फलन केंद्राजवळ ऋण होते आणि केंद्रापासून सुमारे ०.१९ अँगस्ट्रॉमवर शून्यातून जाऊन धन होते. स्लेटर यांनी सोयीसाठी गाळलेला नोड असा परत आला. तो कुणी हाताने घातला नाही. लंब होण्याच्या अटीनेच तो आणला.

घन पदार्थांत या अटीचा आणखी मोठा उपयोग झाला. धातूतला बाहेरचा इलेक्ट्रॉन दोन अणूंच्या मधल्या जागेत साध्या लाटेसारखा वागतो, पण केंद्राजवळ त्याला आतल्या कवचांशी लंब राहण्यासाठी वेड्यावाकड्या वळणांनी जावे लागते. अमेरिकी पदार्थवैज्ञानिक कॉन्यर्स हेरिंग यांनी १९४० साली सुचवले, की साध्या लाटा घ्याव्यात आणि त्यांतून आतल्या कवचांचे भाग आधीच वजा करून टाकावेत. बेरिलियमवर ती पद्धत वापरलीही गेली. १९५९ साली जेम्स फिलिप्स आणि लेनर्ड क्लाइनमन यांनी दाखवले, की लंब राहण्याची ही सक्ती इलेक्ट्रॉनला केंद्रापासून दूर लोटणाऱ्या बलासारखी काम करते आणि केंद्राचे ओढणे बरेचसे रद्द करते. त्यातून आलेली स्यूडोपोटेन्शियलची पद्धत सिलिकॉनसारख्या अर्धवाहकांच्या हिशोबात आजही रोज वापरली जाते.

पहिल्याला मान की सगळ्यांना सारखा?

ग्राम-श्मिट रीतीत एक पक्षपात आहे. जो रांगेत पहिला, त्याला धक्का लागत नाही. सगळी काटछाट मागच्यांच्या वाट्याला येते. रांग बदलली की उत्तरही बदलते. १एस आणि २एस यांच्यात हे रास्त आहे, कारण आतल्या कवचाला खरेच प्राधान्य आहे. पण स्फटिकात एकसारखे हजारो अणू रांगेत उभे असतील, तर त्यांतल्या एकालाच पहिला मान कशासाठी द्यायचा?

स्वीडनचे पेर-ओलोव्ह लोव्डिन यांनी १९५० साली यावर तोड काढली. सगळ्या फलनांना एकदम आणि सारख्याच प्रमाणात वळवायचे. समान लांबीचे दोन बाण ६० अंशांवर असतील, तर ग्राम-श्मिट पहिल्याला हलवत नाही आणि दुसऱ्याला ३० अंश वळवते. लोव्डिन यांची रीत दोघांनाही १५-१५ अंश बाहेर सरकवते. कार्लसन आणि केलर यांनी १९५७ साली सिद्ध केले, की मूळ फलनांच्या सर्वांत जवळ राहणारा परस्परलंब संच लोव्डिन यांचाच असतो. लोव्डिन यांनी १९६० साली फ्लोरिडात गेन्सव्हिल इथल्या विद्यापीठात क्वांटम थिअरी प्रोजेक्ट उभा केला आणि सॅनिबेल बेटावरच्या त्यांच्या परिषदांना जगभरचे क्वांटम रसायनशास्त्रज्ञ येऊ लागले. एमआयटीतून निवृत्त झाल्यावर स्लेटरही फ्लोरिडालाच गेले.

फर्ग्युसनमधला एक धागा

आतापर्यंतची लंब फलने एक तर समीकरणाने दिली किंवा माणसाने बांधली. ती निरीक्षणांच्या ढिगातून काढता येतील का? या प्रश्नाच्या उत्तरात एक मराठी वाचकांच्या ओळखीचे नाव आहे. दामोदर धर्मानंद कोसंबी गोव्यात कोसबेन इथे जन्मले. वडील धर्मानंद कोसंबी हार्वर्डमध्ये बौद्ध ग्रंथांवर काम करत, म्हणून मुलाचे शिक्षण मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावी झाले आणि १९२९ साली ते हार्वर्डचे पदवीधर झाले. पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवत असताना, १९४३ साली, त्यांनी इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या नियतकालिकात फलनांच्या अवकाशातल्या संख्याशास्त्रावर एक निबंध लिहिला.

त्यातली कल्पना अशी मांडता येईल: अनियमित वक्रांचा मोठा संच हाती असेल, तर त्या वक्रांच्या आपसातल्या संबंधांवरूनच परस्परलंब, नॉर्मलाइज्ड अशी फलने काढायची. त्यांतले पहिले फलन बदलांचा सर्वांत मोठा वाटा उचलते, दुसरे उरलेल्यातला सर्वांत मोठा, आणि असेच पुढे. फिनलंडचे कारहुनेन आणि पुढे बर्कलेला गेलेले लोएव यांनी हेच स्वतंत्रपणे आणि अधिक विस्ताराने केले, त्यामुळे बहुतेक पुस्तकांत त्या दोघांचीच नावे असतात. अलीकडे कोसंबींचे नाव त्यांच्या आधी लावले जाऊ लागले आहे. १९५६ साली एडवर्ड लॉरेन्झ यांनी एमआयटीत हवामानाच्या अंदाजासाठी अशीच फलने वापरली. जॉन लम्ली यांनी १९६७ साली ती खळाळत्या प्रवाहांच्या अभ्यासात आणली.  मान्सूनच्या पावसाचे नमुने वेगळे काढायला भारतातले हवामानशास्त्रज्ञही आज हीच रीत वापरतात.

मिथेनची साक्ष

पॉलिंग यांच्या चार ऑर्बिटल्सवर पुढे एक आक्षेप आला आणि तो प्रयोगातून आला. मिथेनवर पुरेशा ऊर्जेचे किरण टाकून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांची ऊर्जा मोजली, तर बंधांतले इलेक्ट्रॉन दोन गटांत दिसतात. एक गट काढायला सुमारे १४ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, दुसरा काढायला सुमारे २३. चारही बंध सारखे असतील तर सगळे इलेक्ट्रॉन एकाच ऊर्जेने निघायला हवेत. मग पॉलिंग चुकले का?

याचे उत्तर स्लेटर यांनी १९२९ साली मांडलेल्या निर्धारकात (डिटर्मिनंटमध्ये) आहे. अनेक इलेक्ट्रॉनांचे एकत्र तरंगफलन त्यांनी निर्धारकाच्या रूपात लिहिले. त्यात दोन इलेक्ट्रॉनांची अदलाबदल केली की चिन्ह बदलते आणि पाउली यांचा नियम आपोआप पाळला जातो. निर्धारकाचा एक गुणधर्म असा, की भरलेली ऑर्बिटल्स परस्परलंब आणि नॉर्मलाइज्ड राखून आपसात कशीही मिसळली, तरी निर्धारक तोच राहतो. मिथेनसाठी चार एकसारखी, चार बंधांवर बसलेली ऑर्बिटल्स घेतली काय, किंवा एक गोलसर आणि तीन रेणूभर पसरलेली घेतली काय, इलेक्ट्रॉनांचा ढग एकच येतो. इलेक्ट्रॉन उपटून काढण्याचा प्रयोग दुसऱ्या संचाच्या भाषेत बोलतो: गोलसर ऑर्बिटलचा एक गट आणि पसरलेल्या तिघांचा दुसरा. रेणूचा आकार समजून घ्यायला पहिला संच सोयीचा. पॉलिंग यांचा कोन बरोबर आहे. चार बंधांमध्ये चार वेगवेगळ्या जोड्या सुट्या बसलेल्या आहेत, असे त्याचे शब्दशः चित्र काढणे मात्र बरोबर नाही.

वाचकाने कागद घेऊन एक गणित स्वतः करून पाहावे. पाण्याच्या रेणूत दोन ओ-एच बंधांमधला कोन १०४.५ अंश असतो आणि त्याचा कोसाइन जवळजवळ उणे पाव असतो. ऑक्सिजनची दोन ऑर्बिटल्स बंधांच्या दिशेनेच रोखलेली आहेत आणि ती एकमेकांशी लंब आहेत, एवढे धरावे. प्रत्येकातला एसचा हिस्सा आणि पीचा हिस्सा मिळून एक, आणि एसचा हिस्सा अधिक पीचा हिस्सा गुणिले कोसाइन बरोबर शून्य, ही दोन समीकरणे सोडवली की एसचा हिस्सा एक पंचमांश यायला हवा.